एप्रिलनंतर ऑगस्ट
३१ मार्च. कपाट आवरताना जुनी फ्लॉपी सापडली आणि महाप्याचा कारखाना आठवला. मला नोकरीत कायम करायचं की नाही, हे मी कॉम्प्युटरवर काढलेल्या वर्षभरातल्या सदोष मालाच्या आलेखावर ठरणार होतं. आमचं वर्ष एप्रिलला सुरू होई, आलेखातला पहिला खांबही एप्रिलचाच, म्हणून मी निर्धास्त होते. साहेब म्हणाले, "मॅडम, एप्रिलनंतर थेट ऑगस्ट? तुमच्या नेरूळला मे महिना येत नाही काय?" मी आकडे दोनदा नव्याने भरले, तरी खांब जागचे हलेनात. संध्याकाळी घरी टेलिफोनची डायरी उघडली आणि उलगडलं: कॉम्प्युटर महिने इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी एप्रिलआधी ०१, मेआधी ०२, असं मार्चच्या १२पर्यंत टाइप केलं आणि नव्या प्रिंटवरच्या मे महिन्याभोवती लाल पेनाने गोल करून ती साहेबांच्या टेबलावर ठेवली.