शेजारचे खांदे

डुब्रोव्हनिकच्या आमच्या गल्लीला नुसत्या पायऱ्या, गाडी येतच नाही. माणूस गेलं की शेजारच्या चौघांनी पेटी खांद्यावरून खाली न्यायची, ही रीत. लुक्रेमावशीचा नवरा जिवो गेला, तेव्हा गल्लीत शेजारीच उरला नव्हता. आम्ही सगळ्यांनी घरं दोन दिवसांच्या पाहुण्यांना भाड्याने देऊन शहराच्या तटबंदीबाहेर बिऱ्हाड हलवलेलं. मी धापा टाकत पोचलो, तोवर चार पाहुण्यांनी अर्ध्या चड्ड्यांतच जिवोला खाली आणलं होतं.

"या, घरमालक!" मावशी म्हणाली. "तुझ्याच घरात उतरलीयत. भली पोरं."

"मावशी, चुकलंच माझं."

"असू दे. माझ्या वेळी हिवाळा नसला म्हणजे मिळवलं. हिवाळ्यात पाहुणेसुद्धा नसतात."

मावशी जानेवारीत गेली.