काटेकोरांच्या घराची वाटणी

वजनकाटे तपासणाऱ्या खात्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. ते बाजारात दिसले की दुकानदारांचे हात आपोआप काट्यापासून लांब व्हायचे. लोक त्यांना 'काटेकोर' म्हणत, आणि त्यांना तो किताब वाटे. त्यामुळे बायकोच्या गुडघ्यांनी जिन्यापुढे हात टेकले आणि तिसऱ्या मजल्यावरचं घर विकायचं ठरलं, तेव्हा पैशांची वाटणी कुणी करायची हा प्रश्नच त्यांना पडला नाही.

मुलगा फरशांच्या दुकानात विक्रेता होता. चाळिशीला टेकलेला, एकटा, आईवडिलांजवळच राहणारा. घराच्या कर्जाचे शेवटच्या नऊ वर्षांचे हप्ते त्याने फेडले होते.

"बाबा, निम्मे माझे," तो म्हणाला.

काटेकोरांनी चष्मा पुसला. "आणि नऊ वर्षं इथे राहिलास त्याचं भाडं?"

"मग न्हाणीघराच्या फरशा? त्या मीच बसवल्या ना?"

"दुकानात उरलेल्या. दोन भिंतींचा रंग जुळत नाही."

दोन महिने हेच चाललं. मुलाने आईच्या दवाखान्याच्या फेऱ्या हिशेबात धरल्या, तर वडिलांनी त्याच्या सातवीच्या शिकवण्या उकरून काढल्या. शेवटी काटेकोर एकसष्ट टक्क्यांवर अडले आणि मुलगा त्रेचाळीसवर. बेरीज शंभराच्या वर जाते हे दोघांनाही कळत होतं, पण आधी बोलेल त्याला कमीपणा. आई निवृत्त परिचारिका. ती एवढंच म्हणायची, "भाजी गार होतेय."

नोंदणी कार्यालयात कारकुनाने कागद उलटवले. "मालक कोण?"

काटेकोर ऐटीत पुढे सरकले.

"तुम्ही नाही हो. बाईंना बोलवा."

घर बायकोच्या नावावर होतं. आपल्या खात्यातल्या माणसाने घर घेतलं की लोकांच्या भुवया उंचावतात, म्हणून त्यांनीच ते तिच्या नावावर घेतलं होतं, आणि स्वतःच्या सचोटीचं कौतुक करता करता साफ विसरून गेले होते.

तिने धनादेश पर्समध्ये टाकला. परतताना बसमध्ये औषधाच्या पाकिटामागे चार ओळी लिहिल्या आणि मुलाला म्हणाली, "तुझे हप्ते व्याजासकट घे. भाडंबिडं काही कापत नाही. आता तुझं तू घर बघ. आम्हा दोघांना तळमजल्यावरच्या दोन खोल्या. उरलेले माझ्या खात्यात, आमच्या दुखण्याखुपण्याला. आमच्यामागे राहतील ते तुझेच."

"पण टक्के किती झाले?" बापलेक एकदम म्हणाले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं.

"थांबा आला," ती म्हणाली आणि उतरली.

मुलाने कुरकुरत पैसे घेतले आणि दुकानाजवळ छोटं घर पाहिलं. आता रविवारी जेवायला येतो.

काटेकोर मात्र नव्या खोलीत तीन दिवस ते पाकीट घेऊन चूक शोधत बसले. बेरीज बरोबर, व्याज बरोबर. चौथ्या दिवशी चूक सापडली. घर घेताना सुरुवातीला भरलेली रक्कम बायकोने रात्रपाळ्या करून साठवली होती. ती पाकिटावर कुठेच नव्हती. त्यांच्या स्वतःच्या कागदांवरही नव्हती.

"अगं, तुझे राहिले."

"माहीत आहे," ती डबे पुसून फळीवर लावत म्हणाली. "तुमच्या कधी लक्षात येतंय ते बघत होते."

काटेकोर तिच्या हातातलं फडकं घेऊन एकेक डबा पुसायला लागले.

"झाकणंसुद्धा," ती म्हणाली.