घाटावरचा थाट मैदानावर

त्या तपासाची आठवण निघाली की आजही माझे डोके तापते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, बांधाच्या वादात भावाने भावाचे डोके फोडलेले पाहिले. त्यातल्या बऱ्याच आरोपींविषयी आता मनात राग उरलेला नाही. या माणसावरचा मात्र जात नाही. आणि त्याने तर कुणाला साधी चापटसुद्धा मारली नव्हती.

निवृत्तीआधीची माझी शेवटची नेमणूक चाकणच्या बाजूच्या एका ठाण्यात होती. सकाळची हजेरी झाली की कंटेनरचे अपघात, कंपन्यांच्या आवारातल्या तांब्याच्या चोऱ्या आणि जमिनीवरून हमरीतुमरीवर आलेली भावकी, यातच दिवस जायचा. अशाच एका सकाळी एका फुटबॉल क्लबचा मालक चोरीची फिर्याद घेऊन आला. मी इथे नावे कुणाचीच लिहिणार नाही. याला मालकच म्हणतो, कारण स्वतःला तसे म्हणवून घ्यायला त्याला फार आवडायचे.

मालक चऱ्होलीकडच्या जुन्या शेतकरी घरातला. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या आणि घरात पैसा आला. पूर्वी घरचा शर्यतीचा बैलगाडा होता. पण शर्यतीच्या घाटात गाडा पळवणारे पुष्कळ, त्यात आपण उठून दिसत नाही, ही त्याची खंत. मला त्याने पहिल्याच भेटीत ऐकवले होते, "गाडा समदेच पळवत्यात साहेब. फुटबॉलची टीम कुणाकडं हाय, सांगा बरं!"

आमच्या भागातल्या शर्यतीच्या घाटावर एक रीत आहे. नवा बैल आणला की निवेदक लाउडस्पीकरवरून मालकाचे नाव आणि बैलाची किंमत पुकारतो. मग भंडारा, फेटे, गुलाल. पण खरा गाडामालक वर्षभर बैलाच्या खुराकाकडे पाहतो, त्याच्या खुरांची काळजी घेतो, वेळप्रसंगी स्वतः गोठ्यात झोपतो. आमच्या मालकाने त्यातले फक्त पुकारणे तेवढे उचलले होते.

पहिल्या वर्षी त्याने बाहेरून नावाजलेले खेळाडू आणले, स्थानिक लीगचा चषक जिंकला आणि जेसीबीतून फुले उधळून घेतली. रस्ता अडवल्याबद्दल आम्हीच तेव्हा कारवाई केली होती. दुसऱ्या वर्षी पैसा आटला. नावाजलेले निघून गेले, मालिश करणाऱ्याला काढले, सरावानंतरची अंडी-केळी बंद झाली. खेळाडूंचे मानधन महिनोन्महिने लटकू लागले. क्लबच्या बसवर मात्र मालकाचा फोटो नव्याने रंगवला गेला. संघ हरू लागला की मालक म्हणायचा, पोरांत दम नाही. अरे, खायला घातलेस का त्यांना?

बहुतेक खेळाडू चाकणच्या कंपन्यांत कंत्राटी कामगार. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले, दोघे-तिघे मिळून खोली घेऊन राहणारे. शिफ्ट करून सरावाला येणारे. पाय मोडला तर खेळही जातो आणि रोजगारही बुडतो. म्हणून त्यांनी आपसात एक निधी केला होता. दर महिन्याला प्रत्येकाने थोडे पैसे काढायचे, कुणी जखमी झाला तर त्याच्या उपचाराला द्यायचे. क्लबच्या बँक खात्यात ठेवले तर कर्जाच्या हप्त्यात जातील, म्हणून ते रोख ठेवलेले. क्लबच्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटाला दोन किल्ल्या होत्या. एक मालकाकडे, दुसरी प्रशिक्षकाकडे.

मालकाची फिर्याद अशी, की कपाटातला सगळा निधी प्रशिक्षकाने लांबवला. वर त्याने खबरही दिली. "रहाटणीत फ्लॅट घेतलाय त्यानं. कंपनीतल्या हेल्परला फ्लॅट परवडतो व्हय? बघा जरा." जबाब लिहून घेताना मी विचारले, की क्लबकडे दुसरे काही पैसे होते का. मालकाने छातीवर हात ठेवला. "एक रुपाया न्हाई साहेब. पोरांच्या घामाचा तेवढाच पैसा हुता. माझ्याकडंबी काय उरलं न्हाई, समदं क्लबात घातलं." आपला त्याग लेखी नोंदवला जावा म्हणून हे वाक्य त्याने दोनदा सांगितले. आमच्या अंमलदाराने ते जसेच्या तसे लिहून घेतले.

आम्ही कार्यालयाचा पंचनामा केला. कुलूप शाबूत, कपाट रिकामे. पंच सह्या करत होते, तेवढ्यात मालकाने चहा मागवला आणि भिंतीवरचा टीव्ही लावला. चोरीची फिर्याद देऊन आलेला माणूस आम्हाला स्वतःच्या सत्काराची चित्रफीत दाखवत होता. संघ यंदा कसाबसा एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला होता; त्याच्या आदल्या दिवशी मालकाने परराज्यातून एक स्ट्रायकर आणला होता, त्याचा तो सोहळा. मंडपात घाटावरचाच निवेदक ओरडत होता, "मालकांनी शब्द टाकला आन् वाघ उचलून आणला! रोख! जागेवर रोख!" स्ट्रायकरला फेटा बांधला होता, पुढ्यात नोटांचे ताट धरले होते आणि तो बिचारा गोंधळून हसत होता. मी चहा संपवून उठलो. तेव्हा मला त्यात माणसाच्या हौसेपलीकडे काही दिसले नाही.

प्रशिक्षकाला चौकशीला बोलावले. पन्नाशीचा माणूस, कंपनीच्या गणवेशातच आला. हेल्पर नव्हे, कायम नोकरीतला ऑपरेटर. फ्लॅटच्या कर्जाची कागदपत्रे त्याने न मागता पुढे ठेवली. ती तपासली, खरी निघाली. तोवर एका पुढाऱ्याचे दोन फोन येऊन गेले होते, कोचला आत टाका म्हणून. कोठडीत गेला असता तर कंपनीने त्याला निलंबित केले असते, हे मला ठाऊक होते. त्यालाही ठाऊक होते.

"पैसे कधी गेले?" मी विचारले.

"मला माहीत नाही साहेब. सेमीफायनलला आमच्या फॉरवर्डचा गुडघा फिरला. फायनल संपली, आम्ही हरलो, मग त्याच्या ऑपरेशनसाठी कपाट उघडलं तर आत काही नाही. मी मालकांना विचारायला गेलो. ते म्हणाले, तू घरी जा, मी बघतो. आणि दुसऱ्या दिवशी तुमचा निरोप आला."

"मालकांना का विचारलेत? सरळ इथे का आला नाहीत?"

त्याने टेबलावरची कर्जाची कागदपत्रे नीट एकावर एक रचली.  मग म्हणाला, "क्लब बंद पडला तर पोरं कुठं खेळणार साहेब?"

मी त्याला ठेवणीतले प्रश्न विचारत राहिलो. नोटा कशा होत्या, कशात ठेवल्या होत्या. तो म्हणाला, "रबर उन्हाळ्यात चिकटतं, नोटा फाटतात. म्हणून मी पोरांच्या जुन्या बुटांच्या लेसनं पुडकी बांधायचो. निळ्या, पिवळ्या, मिळेल त्या."

हे लिहून घेत असतानाच बाहेर गडबड झाली. एक तरुण गडी कुबडीवर ठाण्याच्या पायऱ्या चढत होता. परभणीकडचा, चाकणला कंत्राटावर काम करणारा. ज्याचा गुडघा फिरला होता तो हाच. कोचला धरले असे त्याला कुणीतरी सांगितले होते. घामाघूम होऊन माझ्या टेबलाशी उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, सरांनी काही नाही केलं. मह्या पायाचं राहू द्या, पण सरांना सोडा."

गुडघा पँटमध्ये मावणार नाही इतका सुजलेला होता. डॉक्टरांनी त्याला लवकर शस्त्रक्रिया करायला सांगितले होते. मी त्याला बाकावर बसवले, पाणी दिले. आणि त्याच्या पायातल्या बुटाकडे माझे लक्ष गेले. सूज पावलापर्यंत उतरल्यामुळे त्याने लेस काढून टाकली होती. त्या रिकाम्या भोकांकडे पाहता पाहता मला टीव्हीवरचे एक ताट आठवले.

आम्ही तडक क्लबच्या कार्यालयात गेलो. मालक होता. मी म्हणालो, तो सत्कार पुन्हा दाखवा. त्याचा चेहरा खुलला. त्याला वाटले, साहेबांना आवडला. निवेदक "रोख" म्हणाला, तिथे मी थांबवायला लावले. स्ट्रायकरसमोर एक पितळी ताट धरलेले होते. ताटात हळदकुंकू, नारळ आणि नोटांची पुडकी मांडलेली. लोकांना दिसावीत म्हणून मालकाने त्यातली दोन पुडकी स्वतःच्या हातात उंच धरली होती. एकाला निळी लेस होती, एकाला पिवळी.

पैसे गुपचूप दिले असते तर हा माणूस कदाचित सुटला असता. पण पुकारल्याशिवाय याला खर्च केल्यासारखे वाटतच नव्हते. आणि क्लबकडे दुसरा एक रुपया नव्हता, हे त्याने स्वतःच सही करून दिले होते.

ठाण्यात आणल्यावर आधी म्हणाला, मित्राने दिले. मित्राचे नाव विचारले तर सांगता येईना. मी त्याच्यासमोर त्याचाच जबाब ठेवला. मग तो रडेल, हात जोडेल असे मला वाटले होते. तो उलट चिडला. "क्लब माझा हाय साहेब! पोरं माझी, मैदान माझं, मंग पैसा कुणाचा? जिंकलो असतो तर चौपट करून ठिवला असता की कपाटात. पैसा घातल्याबिगर जिंकता येतं व्हय?"

"ज्याचा गुडघा गेला, त्याच्या ऑपरेशनचे पैसे होते ते."

"त्याच्याच जागेवर तर आणला ना स्ट्रायकर! मोकळी जागा काय तशीच ठिवायची?"

मी खुर्चीतून उठलो आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. मी आरोपीवर हात टाकणारा अधिकारी नव्हतो. त्या दिवशी तसा राहायला मला फार जड गेले. मोडलेल्या पायाच्या औषधाचे पैसे घेऊन त्याने त्या पायाच्या जागी दुसरा पाय विकत आणला होता, आणि यात काही चुकले असे त्याच्या गावीही नव्हते. त्या स्ट्रायकरला सोबत्यांची नावेही माहीत नव्हती. कोण कुठून चेंडू देतो याचा त्याला पत्ता नव्हता. अंतिम सामन्यात तो नुसता इकडून तिकडे धावत राहिला आणि संघ हरला.

अपहाराचा आणि खोट्या माहितीचा गुन्हा मालकावर दाखल झाला. प्रशिक्षक त्याच संध्याकाळी घरी गेला. स्ट्रायकर सरळ माणूस निघाला. पैसे कुणाचे आहेत हे कळल्यावर त्याने उरलेली पुडकी स्वतः आणून दिली, काहींची लेससुद्धा सुटलेली नव्हती. पण ते पैसे मुद्देमाल झाले. न्यायालयाचा आदेश मिळेपर्यंत ते आमच्या मुद्देमाल खोलीत पडून राहिले, आणि तेवढ्याच अवधीत मालक जामिनावर सुटून फटाके वाजवत गावात गेला. आदेश लवकर मिळावा म्हणून मी धावाधाव केली. तरी शस्त्रक्रियेला उशीर झाला तो झालाच. तो गडी आता चालतो. धावू शकत नाही.

प्रशिक्षकाने राहिलेल्या खेळाडूंना घेऊन सांगवीत एक छोटा संघ काढला. तिथे फोटोवाली बस नाही, मंडप नाही. निधी बँकेत, खेळाडूंच्या संयुक्त खात्यात. मानधन थोडे, पण ठरल्या दिवशी मिळते. सरावानंतर अंडी मिळतात. मी अधूनमधून सामने पाहायला जातो. पूर्वी हीच पोरे शेवटच्या दहा मिनिटांत ढेपाळायची, आता शेवटच्या दहा मिनिटांत गोल करतात. गेल्या हंगामात त्यांनी चषक जिंकला. तो गुडघेवाला त्या सामन्यात पहिल्या मिनिटापासून गोलजाळ्यामागे उभा राहून गोलरक्षकाला ओरडून सूचना देत होता.

मैदानावर पैसा लागत नाही असे मी म्हणणार नाही. लागतोच. पण तो कशावर खर्च होतो त्यावरून मालकाची जात कळते, हे मला या प्रकरणाने शिकवले. जखमी माणसावरचा खर्च ज्याला फुकट गेलेला वाटतो, त्याच्या हाती संघ देऊ नये. कारखानाही देऊ नये, आणि आमच्या भागात असे कारखानदार काही कमी नाहीत.

परवा त्याच मालकाचा फोन आला. खटला अजून चालू आहे, आणि याने नवा क्लब काढला आहे. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून मी यावे, फेटा-शाल तयार आहे, झाले गेले विसरून जाऊ, असे त्याचे म्हणणे. मी एवढेच विचारले, "जखमी खेळाडूंसाठी काय सोय केलीत?"

तो हसला. "साहेब, तुमी अजून तिथंच व्हय?"

"हो," मी म्हणालो, "तो पोरगाही अजून तिथंच आहे. गोलजाळ्याच्या मागे."