अक्कांच्या कानातली घूं

आमच्या सोनगीरात प्रमिलाबाईंना प्रमिलाबाई म्हणणारं आता फारसं कोणी उरलेलं नाही. निम्मं गाव त्यांच्या अंगणवाडीत पोहे खात, शेंबूड पुसत मोठं झालं, त्यामुळे त्या सगळ्यांच्या अक्का. तेहेतीस वर्षं सेविका म्हणून काम करून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्या सवयीने पदर खोचून ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. जायला जागा नव्हती. त्यांचे यजमान वना आबा कापसाच्या शेतात जायला निघाले होते. ते म्हणाले, "ये मनासंगे." अक्का गेल्या आणि चार दिवसांत त्यांनी सालदारासकट सगळ्या मजुरांना ओळीत उभं राहायला शिकवलं. पाचव्या दिवशी आबांनीच त्यांना घरी राहण्याची विनंती केली.

मग हे नवीन काम आलं. पुण्यातली एक संस्था आपल्या अहिराणी बोलीची ध्वनिमुद्रणं जमवत होती. बाजारातली, शेतातली, ओट्यावरची साधी बोलणी. ती ऐकून जशीच्या तशी टाइप करायची, म्हणजे पुढे फोनला आपली बोली समजेल. अक्कांचा नाशिकचा मुलगा योगेंद्र याने त्यांचं नाव दिलं आणि आपला जुना, पत्र्याच्या अंगाचा लॅपटॉपही आणून दिला. अक्का दोन बोटांनी टाइप करत, पण कान असा की साक्री तालुक्यातला माणूस कुठला आणि अमळनेराकडचा कुठला, हे त्या पहिल्या वाक्याला सांगत. सहा महिन्यांत संस्थेतली दिपमाला नावाची मुलगी त्यांना अवघड मुद्रणं मुद्दाम पाठवू लागली.

उन्हाळा लागला आणि लॅपटॉपची बॅटरी थकली. चार्जर काढला की दहा मिनिटांत पडदा काळा. म्हणून अक्का चार्जर कायमचा लावून ठेवू लागल्या. त्याच सुमारास त्यांच्या कानात घूं सुरू झाली.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, मुद्रणातच कुठेतरी पिठाची गिरणी चालू आहे. दुसऱ्या मुद्रणातही गिरणी होती. तिसरं नदीकाठचं होतं, तिथेही गिरणी. अक्कांनी हेडफोन काढला, घूं बंद. घातला, घूं सुरू. मधूनच तेलात मोहरी तडतडावी तसं चरचर व्हायचं ते वेगळंच.

तरी त्यांनी काम रेटलं. आठवड्याने दिपमालाचा फोन आला. ती शिकलेली, मृदू बोलणारी मुलगी.

"अक्का, एक शंका होती. तिसऱ्या मिनिटाला ते शेतकरी म्हणतात, 'सासू दावणले बांधी ठेव, नही ते बठ्ठं दूध पी जाई.' असंच आहे का ते?"

अक्कांनी पुन्हा ऐकलं. घूंच्या मागून तो माणूस वासरू म्हणत होता.

तेहेतीस वर्षांत त्यांच्या रजिस्टरमध्ये खाडाखोड नव्हती. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. आबांनी विचारलं तर म्हणाल्या, "मनं काम बिघडी ऱ्हायनं." आबांना काय बिघडलं ते कळलं नाही, पण त्यांनी ताटातली भाकरी अर्धी करून झाकून ठेवली.

योगेंद्रला फोन केला. तो म्हणाला, "आई, बंद करून चालू कर." केलं. मग म्हणाला, "अपडेट असेल काहीतरी, ते होऊ दे." ते दोन तास झालं. त्यानंतर लॅपटॉपचा चेहरामोहरा बदलला आणि घूं होती तशीच राहिली. मग नवीन हेडफोन आणवला. नव्या हेडफोनमधून घूं जास्त स्वच्छ ऐकू आली.

शेवटी अक्का लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात घालून एसटीने धुळ्याला गेल्या. तिथे भूषण नावाच्या मुलाचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने हेडफोन खुपसायच्या भोकात विजेरी मारली, बारीक चिमटा घातला आणि कापसाचा एक लांबलचक तंतू बाहेर ओढला. तो संपेचना.

"मावशी, घरी कापूस आहे का?"

"आहे. दोन खोल्या भरून."

"एक खोली इथे होती," भूषण म्हणाला. मग त्याने ब्रशने ते भोक साफ केलं आणि हेडफोन लावून दिला. चरचर गेली होती. अक्कांनी डोळे मिटून ऐकलं. घूंही नव्हती. भूषणने आपला चार्जर लावला, अक्कांचा चार्जर लावला, कशानेही घूं येईना. त्याने कामाचं काही घेतलं नाही, कारण तोवर अक्कांनी शेजारी बसून त्याच्या गिऱ्हाइकांची नीट रांग लावून दिली होती.

घरी येऊन अक्कांनी लॅपटॉप लावला. घूं.

त्यांनी हेडफोन काढून ठेवला. मग आबांना म्हणाल्या, "दोष लॅपटॉपमा नही. ह्या घरमा शे."

आबा म्हणाले, "ते मी तीस वरीसपासून सांगस." पण अक्का ऐकत नव्हत्या. त्या विचारात होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. पंखा थांबला, गाव चडफडलं आणि अक्कांच्या कानातली घूं कोणी नळ बंद करावा तशी बंद झाली. बॅटरीची दहा मिनिटं होती. त्या दहा मिनिटांत अक्कांनी जेवढं लिहिलं तेवढं आधीच्या दोन दिवसांत झालं नव्हतं. पडदा काळा झाला तेव्हा त्यांना खात्री पटली होती की घूं तारेतून येते. त्यानंतरच्या आठवड्यात सोनगीरात लाईट जाण्याची वाट बघणाऱ्या त्या एकट्याच होत्या. वायरमन दिसला की त्या विचारायच्या, "आज कवय जाई?" तो बिचारा ओशाळून म्हणायचा, "नही जावाव, अक्का, नही जावाव." अक्कांचं तोंड उतरायचं.

पण लाईटने दगा दिला. उन्हाळ्यात पहिल्यांदाच आठ दिवस ती अखंड राहिली.

त्या आठवड्यात एक गोष्ट घडली. अक्का मागच्या दारी कढीपत्त्याला पाणी घालून तशाच ओल्या पायांनी, चपला न घालता, नहाणीजवळच्या ओल्या मातीवर खुर्ची टाकून बसल्या. वायर दारातून ओढून आणली होती. तळहात लॅपटॉपच्या पत्र्यावर टेकले आणि घूं एकदम दबली. हात उचलला की घूं वर. टेकला की खाली. पाय खुर्चीच्या दांडीवर घेतले की पुन्हा वर. हातांना बारीक मुंग्या येत होत्या, पण त्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. त्यांना इलाज सापडला होता.

दुसऱ्या दिवसापासून अक्का रोज अकरा वाजता नहाणीजवळची जागा ओली करायच्या, पाय मातीत रोवायच्या, कानाला हेडफोन लावायच्या आणि डोळे मिटून ऐकायच्या. माती सुकली की शेजारच्या तांब्यातून पायावर पाणी ओतायच्या. मधूनच ओठ हलायचे, कारण ऐकलेलं वाक्य त्या एकदा पुटपुटून मगच लिहीत.

शेजारच्या रूपाने कुंपणावरून हे तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी ती ओचा सावरत आली.

"अक्का, हाई कोनतं व्रत शे?"

"व्रत नही. लॅपटॉप शे."

"कितला दिवस करनं पडस?"

अक्कांच्या कानात हेडफोन होता. त्यांनी अर्धंच ऐकलं आणि म्हणाल्या, "हाई काम संपस तवलोंग."

रूपाने घरी जाऊन पाय ओल्या मातीत ठेवले. तिच्या सासूनेही ठेवले. शनिवारपर्यंत आमच्या गल्लीत पाच बायका अकरा वाजता मागच्या दारी पाय भिजवून बसत होत्या आणि सगळ्यांचं म्हणणं होतं की उन्हाळ्यात बरं वाटतं.

झुलाल वायरिंगवाल्याला हे त्याच्या बायकोकडून कळलं. तो हसत हसत बघायला आला आणि अक्कांना पाहून त्याचं हसू गेलं.

"अक्का, पहिले पाय बाहेर काढा. मग हात काढा. मग मी बोलस."

त्याने आत जाऊन बटण बंद केलं आणि येऊन पायरीवर बसला. म्हणाला, त्या चार्जरला तीन पाय आहेत. दोनांतून करंट येतो-जातो. तिसरा पाय जमिनीसाठी. लॅपटॉपच्या पत्र्यावर जो थोडाफार चोरटा करंट चढतो तो त्या तिसऱ्या वाटेने मातीत जायला हवा. इथे वाट नाही, म्हणून तो पत्र्यावर बसून कानात घूं करतो. तुम्ही ओल्या मातीत पाय ठेवले तेव्हा तो तुमच्या अंगातून खाली जात होता.

"म्हनजे तिसरी वायर मी व्हतू," अक्का म्हणाल्या.

"हा. आनि चार्जर फुटता, ते तुम्ही ऱ्हाता नही."

मग त्यांनी विचारलं, "भितमा भोकं ते तीन शेतस. तिसऱ्या भोकमागे वायर का बरं नही?"

झुलाल कान खाजवू लागला. हा झुलाल चार वर्षांचा असल्यापासून खोटं बोलायच्या आधी कान खाजवतो, हे अक्कांना माहीत होतं.

"कान सोड. खरं सांग. ह्या घरनी फिटिंग कोनी करी?"

"मीच करी."

"मग?"

"तवय गावमा कोनीच लावे नही, अक्का. आबा बी बोलनात, राहू दे." त्याने आधारासाठी आबांकडे पाहिलं. आबा कढीपत्त्याची पानं मोजत होते.

अक्का चिडल्या नाहीत. त्या चिडत नसत, तेच लोकांना जड जाई. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. आते कर."

खड्डा आबांनी खणायचा, असं त्याच जागी ठरलं. नहाणीचं पाणी मुरतं तिथे माती कायम ओली असते, म्हणून तीच जागा झुलालने दाखवली. आबांनी दोन सकाळी घालून छातीइतकं खणलं. येणारा-जाणारा कुंपणापाशी थांबून विचारी, पाणी लागलं का. आबा म्हणत, पाणी नको, आवाज पुरायचा आहे.

खड्ड्यात तांब्याचा पत्रा लागणार होता. झुलाल म्हणाला, धुळ्याहून तयार आणतो. ही गोष्ट कौतिक तांबटांच्या कानावर गेली. त्यांचं वय पंचाहत्तर. आमच्या गावची तांब्यापितळेची भांडी पूर्वी दूरदूर जात, आता तांबटाळीतले बरेच हातोडे थंडावलेत, पण कौतिकबाबांचा नाही. ते काठी टेकत आले आणि दारातूनच म्हणाले, "सोनगीरमा ऱ्हाईसन धुयाथून तांबं आनशी, प्रमिला? मना हातोडा मरी गया का?"

त्यांनी एक हात लांब, एक हात रुंद पत्रा ठोकून आणला. नुसता पत्रा देणं त्यांना जमलं नसावं. त्याच्या चारही कडा त्यांनी परातीसारख्या सुबक वळवल्या होत्या आणि कडेला बारीक ठोक्यांची नक्षी होती.

झुलाल म्हणाला, "बाबा, हाऊ मातीमा गाडना शे."

"मले माहिती शे," कौतिकबाबा म्हणाले. "माती बी पाहस."

कोळसा, मीठ, माती असे थर देऊन पत्रा पुरला. झुलालने त्यापासून हिरवी वायर घरात नेली आणि तिसऱ्या भोकामागे जोडली. अक्कांनी पायांत चपला घातल्या, आतल्या खोलीत कोरड्या फरशीवर खुर्ची मांडली, चार्जर लावला आणि हेडफोन घातला. आम्ही सगळे दारात उभे होतो. त्यांचा चेहरा बघत होतो.

त्या डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिल्या. आबांनी न राहवून विचारलं, "ऱ्हायनी का गई?"

अक्कांनी हाताने थांबा म्हटलं. वासरूवाल्या माणसाच्या मागे कोणीतरी भाकरी थापत होतं आणि ते त्यांना इतके दिवस ऐकूच आलं नव्हतं. थापण्यामध्ये एक लहान मूल आकडे म्हणत होतं. सातानंतर नऊ म्हणत होतं. अक्का हळूच म्हणाल्या, "आठ."

आबा दारातून वळले. मला म्हणाले, "इतलं मन लाईसन हिनी मनं कवय आयकं नही." पण ते खुशीत होते. दुपारी त्यांनी स्वतः होऊन चहा टाकला.

झुलालची सुटका मात्र झाली नाही. दुसऱ्या दिवशी अक्कांनी त्याला बोलावून वही उघडली आणि त्याने गावात फिटिंग केलेली घरं विचारली. त्याने कान खाजवत नऊ सांगितली. अक्कांनी त्याच्या कानाकडे पाहिलं. मग चौदा सांगितली. पावसाच्या आधी ती चौदाही घरं जमिनीला जोडायची, असं ठरलं. कौतिकबाबांनी दोन महिने रोज हातोडा चालवला आणि आता पत्र्यांवर मोर काढायला लागलेत. रूपाच्या घरी पत्रा पुरला तरी तिने पाय भिजवणं सोडलं नाही. ती म्हणते, टाचांच्या भेगा गेल्या.

काल मी अक्कांकडे गेलो तेव्हा त्या कामात होत्या. भडगावकडचं नवीन मुद्रण आलं होतं, दोन जावांचं, वांग्याचं भरीत कोणाचं चांगलं यावरून भांडण. अक्कांनी मला बोटाने बसायला सांगितलं, हेडफोनची एक बाजू उचलली आणि म्हणाल्या, "धाकलीनं खरं शे, पन मोठीना आवाज चांगला शे." मग पुन्हा हेडफोन नीट बसवून त्या दोन बोटांनी मोठीचं वाक्य लिहू लागल्या.