वरण वाढलं!

लग्नाच्या स्वयंपाकात वर्षं काढली की किस्से भाताच्या खरवडीसारखे तळाला साचतात. घासावे तितके निघतात!

मी शाळा पाहिली नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत अक्षरं शिकले. तेव्हा कोणाला मोठं म्हणायला माझी जीभ सहजी वळत नाही. पण राजापेठेतल्या आम्हा स्वयंपाकिणींची म्होरकी सुमन, तिला मी मानते!

•

मूर्तिजापूरच्या वाटेवर टेम्पो बंद पडला. मंडपातून फोनवर फोन. आम्ही सगळ्या रस्त्याकडे बघत बसलेल्या.

सुमननं पराती खाली उतरवल्या. "टेम्पो मी पाहतो. तुमी कनिक मळा. अशा बसून काहून राहिल्या? तुमाले पाहाले येऊन राहिला काय कोनी?"

•

ऐन गर्दीत मिक्सर जळला. रेखा नवीनच होती, रडायलाच लागली. सुमननं तिच्यापुढं कांद्याचं टोपलं सरकवलं.

"रडाचंच आहे नं वं? मंग इथं रड!"

•

अचलपूरला एकजण आतून ओरडली, "भात संपला!" दुसरा भात शिजत होता, पण बाहेर ऐकू गेलं. पाहुणे असे धावले, जशी शेवटची एसटी सुटतेय!

त्या दिवशी सुमननं कायदा केला. "'संपलं' म्हनाचं नाही. नारळ आपन फोडतो काय? वाढवतो. तसंच, भात 'वाढला' म्हनाचं!"

•

मग अकोल्याचा हॉल. आमच्यातली चंद्रा कायद्याप्रमाणं ओरडली, "वरन वाढलं!" रेखाला वाटलं, पानात वाढून झालं. तिनं वरणाचा दुसरा गंज, मोठं पातेलं, चुलीवर चढवलाच नाही. व्याही मंडळी कोरड्या भातापुढं!

सुमन हात जोडून पंगतीत गेली. "वरनाले फोडनी देऊन राहिलो, मामाजी. तवर कढी घ्या!"

मंडळी कढी ओरपत बसली. हॉलचा मालक मात्र तापला. "पुढच्या लग्नात असं झालं तं दुसरे आचारी आनतो!" आमचं अर्धं काम त्याच्याकडचं.

"चूक माही हाय," सुमन म्हणाली. "तो शब्द मीच देल्ला होता." रेखाकडं तिनं बोटसुद्धा दाखवलं नाही.

•

पुढचं लग्न त्याच हॉलमध्ये, आणि सुमनचा पाय मोडला! त्याच सकाळी ऑपरेशन. दवाखान्यात तिनं वरण-भात रेखावर सोपवला.

मी भडकले. "मी मेली काय?"

"काकू, तुमाले कशाचंच भेव नाही," सुमन म्हणाली. "हिले आहे. म्हनून."

शेवटची पंगत उठली आणि तिचा फोन आला. भुलीनं आवाज अजून जड.

"भात?"

"वाढला!" रेखा म्हणाली.

"वरन?"

"वाढलं!"

"कोनतं वाढलं वं? पानात का गंजात?"

रेखानं रिकाम्या गंजावर पळी वाजवली. "दोनीकडं, बाई! मालक सगळ्याच्या मांगून जेवाले बसले. त्यायले कढी देल्ली!"