कोरा आवाज

"आधी कोरा आवाज घ्या, भाऊ. इको काय, मागनंबी टाकता येतो."

माझ्या भोरच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत दादा आले, की हे वाक्य ठरलेलं. मग ते गिटारच्या अँपसमोर उकिडवे बसून जाळीवर तळहात ठेवायचे आणि मला माईक बोटभर सरकवायला लावायचे. कधी आवाज सुधारायचा, कधी नुसता माझा पारा चढायचा.

पासली गावाहून अँप घेऊन एसटीनं येणारा माणूस तुम्ही पाहिला असेल, तर ते हेच. कंडक्टरनं सामानाचं तिकीट मागितलं की म्हणायचे, "मांडीवर बसंल त्यो. माणसापरास गुणी हाय."

ते गायन पार्टीत गिटार वाजवायचे. जयंतीच्या दिवसांत गावोगाव कार्यक्रम असायचे. नवी पोरं इकोसकट गिटार रेकॉर्ड करतात म्हणून यांचा जीव वरखाली व्हायचा. "भिजलेलं पीठ परत कोरडं व्हतंय व्हय?"

मग त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, हलका आहे. गिटार वाजवणाऱ्याला हलका कसला? डाव्या हाताची दोन बोटं तार दाबेनात. जयंती तोंडावर आलेली. पार्टीचे मुख्य गायक असलेल्या बुवांनी निरोप धाडला, एक गाणं वाजवून पाठवा, मग ठरवू.

त्या दिवशी दादा इकोचं उसनं पेडल घेऊन आले. "इको लावलाय. असाच घ्या."

"दादा, सोबत कोरापण घेतो. दोन्ही राहू देत."

"नगं!" ते ओरडलेच. "कोरा ऱ्हायला, तर कुनीतरी ऐकंल."

मी इकोसकटच रेकॉर्डिंग लावलं. त्यांनी वाजवलं, आम्ही ऐकलं. चुकलेला सूर इको पुन्हा पुन्हा म्हणून दाखवत होता.

"अजून वाढवा." मी वाढवला. "अजून." शेवटी गाणं उरलंच नाही, नुसता गलका झाला. दादांनी माझा हात धरला. "कायतरी करा की ओ. ही जयंती गेली, तर मला परत कोन बोलवतंय?"

मी म्हणालो, "इकोत मुरलेला सूर मला सुटा करता येत नाही. कोरा वाजवा, एकेक सूर कम्प्युटरवर जागेवर बसवून देतो."

त्यांनी पेडल काढलं आणि वाजवलं. अडखळत, पण शेवटपर्यंत. मी दुरुस्तीला बसलो, तसे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. स्टेजवर तुमचा कम्प्युटर येनार हाय व्हय? हाच पाठवा." मी पाठवला.

बुवांचं उत्तर लगेच आलं. दादांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. 'आराम करा.'

"कशाचा आराम, भाऊ?" ते म्हणाले.

भोरच्या कार्यक्रमाला ते आले होते, मागच्या रांगेत. स्टेजवर दुसराच कुणी गिटार वाजवत होता. गाणं सुरू झालं आणि दादांचा डावा हात मांडीवर चालू लागला. दोन बोटं सुरावर बरोबर पडत होती. उरलेली दोन ते उजव्या हातानं दाबत होते.