विलायती सोवळं

समुद्र कधीही न पाहता ज्याला बोट लागली असा माणूस साऱ्या हिंदुस्थानात एकच होऊन गेला, आणि तो आमच्या सोलापुरात विजापूर वेशीजवळ शिंप्याचं दुकान चालवत होता. आगगाडीनं हा गृहस्थ होटगीच्या पलीकडे कधी गेला नव्हता, आणि भरपूर पाणी म्हणून जे काही त्यानं आयुष्यात पाहिलं ते सिद्धेश्वराच्या तळ्याचं. पण बोटीवर संध्याकाळी जेवायला जाताना काय घालावं, हे विचारायला मोठमोठे वकील, डॉक्टर, गिरण्यांतले अधिकारी त्याच्या पायऱ्या चढत. गावात सगळे त्याला ‘बोटीचे मास्तर’ म्हणत. दुकानाच्या पाटीवर नाव नव्हतंच, नुसतं बोटीचं चित्र होतं. रंगाऱ्यानंही समुद्र पाहिलेला नसल्यामुळे ती बोट आगगाडीच्या इंजिनासारखी दिसायची. चाकं तेवढी मास्तरांनी समोर उभं राहून पुसायला लावली होती.

मास्तरांची माप घ्यायची पद्धत जगावेगळी होती. गिरणीतून आणलेला एक लाकडी रूळ जमिनीवर ठेवायचा, त्यावर फळी, आणि फळीवर गिऱ्हाईक. फळी डावी-उजवीकडे डुलत असायची, गिऱ्हाईक हवेत हात मारत असायचं आणि मास्तर गळ्यात फीत घालून त्याच्याभोवती फेऱ्या मारत असायचे. कुणी तक्रार केली की म्हणायचे, “बोट म्हंजे काय तुमच्या घरचा पाट हाय, साहेब? हलती की ओ! सरळ हुभं ऱ्हाऊन दिलेलं माप समुद्रावर काय कामाचं?” एकदा एक जाडजूड वकीलसाहेब फळीवरून थेट कापडाच्या गठ्ठ्यावर जाऊन बसले. मास्तरांनी त्यांना उठवायच्या आधी वहीत लिहून घेतलं, ‘बैठकीत चार बोटं जास्त.’ स्वतः फळीवर चढून दाखवायला गेले की मात्र दुसऱ्याच मिनिटाला त्यांचा चेहरा पिवळा पडायचा, आणि लिंबू हुंगत ते उंबऱ्यावर बसायचे. बोट लागली म्हटलं ते हेच.

नवा कोट अंगावर चढला की पुढची परीक्षा जेवणाची. कापड कापायच्या टेबलावर वाडगाभर निळीचं पाणी आणि एक चमचा मांडलेला असे. कोट घालून चमचा भरायचा, ओठांपर्यंत न्यायचा आणि परत वाडग्यात सोडायचा. पाणी प्यायचं नाही. मास्तर मुसलमान, तेव्हा आमच्यासारख्यांच्या शिवाशिवीचा प्रश्न त्यांनी असा परस्पर सोडवला होता. बाहीला निळा डाग पडला की बाही उसवायची. आणि सगळं मनासारखं झालं की शेवटी ते कॉलर कानाशी धरून तिला टिचकी मारत, कुंभाराकडचं मडकं वाजवून घ्यावं तशी. “बोलली,” असं म्हणाले की कोट झाला. नाही बोलली तर पुन्हा उद्या.

हे सगळं मी पाहिलं ते अठराव्या वर्षी. ह्यांना गिरणीतर्फे नवी यंत्रं बघायला विलायतेला जायचं होतं आणि ह्यांनी मलाही न्यायचं ठरवलं. मी मूळची माढ्याची. मराठी सहावी पास आणि इंग्रजीची तीन पुस्तकं झालेली, म्हणजे माझ्या मते विलायतेला जायला उरलेलं असं काही नव्हतंच; फक्त तिथं काय नेसायचं एवढंच ठरायचं होतं. घरात मात्र आठ दिवस कुणी नीट जेवलं नाही. सासूबाईंनी तर अंथरूण धरलं. जेवायला कपडे बदलून जाणाऱ्या लोकांत सून जाणार, म्हणजे ती जेवण सोडून बाकी काय काय करेल, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा सासऱ्यांनी मास्तरांना बोलावलं. मास्तर ओसरीच्या पायरीवर बसले आणि माजघराच्या दाराकडे बघत म्हणाले, “माँजी, तुमी स्वयपाकाला, जेवायला सोवळं नेसता का न्हाय? तसंच हाय. दिवसभराचा कपडा उतरवायचा, हातपाय धुवायचे, काळा कोट घालायचा, मग ताटावर. त्यो कोट घालून दुसरं कायबी करायचं न्हाय. विलायती सोवळंच हाय ते.” आत अंथरुणाची खसखस झाली. मग सासूबाईंचा आवाज आला, “असं होय! म्हणजे माणसं अगदीच वाया गेलेली नाहीत.” आणि त्या उठून चहा टाकायला गेल्या.

मास्तरांचे नियम मला आजही पाठ आहेत. पहिल्या संध्याकाळी साधा कोट, कारण सामान उघडलेलं नसतं. दुसरीपासून सोवळं. तांबडा समुद्र संपेतो आखूड पांढरा कोट, पुढे काळा. शेवटच्या संध्याकाळी पुन्हा साधा, कारण सामान बांधलेलं असतं. बायकांसाठी त्यांनी पदराला आतून एक बटण आणि झंपराच्या खांद्यावर दुसरं लावलं, वाऱ्याच्या बंदोबस्तासाठी. मला म्हणाले, “सूनबाई, नऊवारीच नेसा. बोटीचे जिने लई हुभे असत्यात. कासोटा बरा.” मी त्यांना हसले. मला गोल पातळ नेसायचं होतं, मुंबईच्या बायका नेसत तसं.

आता मास्तरांना हे कुणी शिकवलं, ते मला फार उशिरा कळलं. पण तुम्हांला आत्ताच सांगते, म्हणजे माझा शहाणपणा तुम्हांला नीट दिसेल.

मास्तरांना एक मुलगा होता. त्याच दुकानात शिकलेला, हात बापापेक्षा हलका. एकदा त्यानं एका गिऱ्हाइकाच्या कोटाची कॉलर आपल्या मनानं कापली. दोघांच्यात एक जुनी रीत होती. कपड्यात काही चुकलं की कॉलरीच्या आत हिरव्या दोऱ्याचे तीन टाके घालायचे. अर्थ एवढाच, की हा कपडा बाहेर द्यायचा नाही, दुकानात परत यायचा आहे. मास्तरांनी गिऱ्हाइकासमोर त्या कॉलरीत हिरवे टाके घातले. मुलगा म्हणाला, “मेरी कॉलर सही हाय.” मास्तरांनी त्याला कापड मोजायच्या गजानं मारलं. दुसऱ्या सकाळी मुलगा मुंबईच्या गाडीत बसून गेला, आणि पुढं बोटीवर साहेबलोकांच्या संध्याकाळच्या कपड्यांना इस्त्री करायच्या कामाला लागला. पत्रं यायची ती आईच्या नावानं. शेजारचे एक म्हातारे ती वाचून दाखवत. कोण काय घालतं, कधी पांढरं, कधी काळं, जिने कसे, वारा कसा. मास्तर बापडे मशिनीवर बसून, आपल्याला काही ऐकू येत नाही असं दाखवत. फक्त पत्र सुरू झालं की त्यांचा पायडलवरचा पाय थांबायचा. मग आई गेली आणि पत्रं बंद झाली. पोरगा कोणत्या बोटीवर आहे तेही कळेना. तेव्हापासून विलायतेला जाणाऱ्या प्रत्येकाच्या कॉलरीत मास्तर तीन हिरवे टाके घालत होते. कुणाचा ना कुणाचा कोट कधी ना कधी त्याच्या इस्त्रीखाली जाईल, आणि तो वाचेल.

आणि मी काय केलं? कपडे घरी आल्यावर दुपारी पंख्याखाली बसून एकेक तपासला, आणि ह्यांच्या दोन्ही कोटांच्या कॉलरींत मला हिरवा दोरा दिसला. म्हातारा शिंपी, कच्चे टाके काढायला विसरला! मडमा हसल्या असत्या की नाही? सुई घेतली आणि सहाही टाके अलगद उसवून टाकले. वर सासूबाईंना नेऊन दाखवले. त्या म्हणाल्या, “बारीक नजर आहे हो तुझी.” त्या कौतुकानं मी संध्याकाळपर्यंत फुगून होते.

बोटीवर दुसऱ्याच संध्याकाळी गोल पातळ पायात येऊन मी चार पायऱ्या बसत बसत उतरले. पदर मात्र जागेवर राहिला, मास्तरांचं बटण. पण पडण्यापेक्षा मोठी लाज वेगळीच होती. मुंबईच्या एका बाईंनी मला विचारलं होतं, “सोलापूर? म्हणजे ते चादरींचं?” आणि नाकाला अशी एक मुरड घातली की त्या क्षणापासून मी सोलापूर सोडलं. कुणीही काहीही विचारलं तरी माझं उत्तर, मुंबई. पातळ मुंबईचं, कोट मुंबईचा. दोन दिवस आणखी गेले असते तर मी जन्मलेसुद्धा मुंबईत असते.

एडन मागे पडलं त्या दुपारी हे वर डेकवर होते आणि मी खोलीत एकटी. दारावर टकटक झाली. इस्त्रीवाला ह्यांचा पांढरा कोट घेऊन आला होता. कोट माझ्या हातात द्यायचं सोडून त्यानं कॉलर उचलून कानाशी धरली आणि टिचकी मारली. मला हसू आलं. मला वाटलं, कपड्यातली माणसं सगळीकडे असंच करत असतील. मग त्यानं कॉलर उलटी केली आणि आतल्या बाजूनं अंगठा फिरवला. एका जागी थांबवला.

“मेमसाब, ये कोट किधर सिलाया?”

“का?”

“सोलापूर में?”

मी ताठ झाले. “छे! मुंबईला. साहेबाच्या दुकानात.”

त्यानं कॉलर पुन्हा सरळ केली आणि कोट माझ्या हातात दिला. मग म्हणाला, “हौ. मुंबई में बी अच्छा सीते.” आणि गेला.

आम्ही सात महिन्यांनी परत आलो. मास्तरांसाठी मी विलायती सुयांची डबी आणली होती. ती त्यांच्यासमोर ठेवून, कुणी कोणत्या संध्याकाळी काय घातलं होतं त्याचं मी अर्धा तास पारायण केलं. मास्तर मशीन चालवत ऐकत होते. शेवटी विचारलं, “कोट इस्त्रीला दिलता का, सूनबाई?”

“दिला होता की! आणि मास्तर, गंमत सांगते. एक येडा इस्त्रीवाला आला होता. तुमच्यासारखीच कॉलर कानाला लावली त्यानं, अश्शी.” मी उठून नक्कल करून दाखवली.

मशीन थांबलं.

“मग?”

“मग म्हणाला, सोलापुरात शिवला का. मी म्हटलं, मुंबईला.”

“आत बघितलं त्यानं? कॉलरच्या आत?”

“बघितलं ना. बरं झालं, तुमचे कच्चे टाके राहिले होते ते मी इथंच काढून टाकले होते. नाहीतर शोभा झाली असती.”

मास्तरांनी मशिनीतलं कापड काढून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “चांगलं केलं. कच्चे टाके ठिवू नयेत.” आणि हळूहळू, एखादा घट्ट शिवलेला कपडा उसवावा तसं, त्यांनी मला सगळं सांगितलं. मुलगा, गज, पत्रं, हिरवा दोरा. “कॉलर बरोबर व्हती त्याची,” म्हणाले. “मी मागनं बघितली. बोलत व्हती.”

आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. पण ते रागावले नव्हते. त्यांचे डोळे भलतेच चमकत होते. “म्हंजे जिता हाय,” असं स्वतःशीच म्हणून ते पुढे वाकले. “सूनबाई, त्याच्या अंगात काय व्हतं?”

त्या संध्याकाळी आमच्या टेबलावर बसलेल्या प्रत्येक मडमेनं काय घातलं होतं ते मला आजही सांगता येईल. कुणाचे मोती खोटे होते तेही. पण जो माणूस माझ्यापासून दोन हातांवर उभा होता, त्याच्या अंगात काय होतं? मी पाहिलंच नव्हतं. इस्त्रीवाल्याकडे कोण बघतं?

“पांढरा शर्ट,” मी म्हटलं. “स्वच्छ. कॉलर ताठ होती.”

“ताठ?”

“अगदी ताठ.”

“आपणच शिवला असंल,” मास्तर म्हणाले. “तिथं कोण देतंय त्याला शिवून.”

ह्यांनी त्याच आठवड्यात बोटीच्या कंपनीला पत्र लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं: तो माणूस काम सोडून दुसऱ्या बोटीवर गेला, कोणत्या ते ठाऊक नाही. तो मास्तरांचाच मुलगा होता कशावरून, असं हे मला समजवायला म्हणाले. पण इतकं आयुष्य गेलं, कॉलर कानाला लावणारा तिसरा माणूस मला अजून भेटलेला नाही.

त्यानंतर मास्तरांच्या नियमांत एकाची भर पडली. दोनेक वर्षांनी मी माझ्या लेकाचं अंगडं शिवायला गेले होते. एक तरुण डॉक्टर फळीवर डुलत होते आणि मास्तर म्हणत होते, “तांबड्या समुद्रापतोर पांढरा, म्होरं काळा. आणि साहेब, इस्त्रीवाला बी साधा नसतोय तितं. पांढरा शर्ट, ताठ कॉलर. ह्या सूनबाईंनी सोता बघितलाय. इचारा की.”

डॉक्टरांनी तोल सावरत माझ्याकडे पाहिलं.

“हो,” मी म्हटलं. “ताठ होती.”

मास्तर समाधानानं मशिनीशी जाऊन बसले. त्यांची नजर तेव्हा अधू झाली होती. सुई उजेडात धरून त्यांनी दोनदा, तीनदा प्रयत्न केला, आणि मग सुई आणि दोरा माझ्यापुढे केला. मी ओवून दिला. हिरवा होता.